दिपोटीचा उपास

ते साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. दसरा नुकताच झाला होता, आणि मी श्रीरामपुरात निसळबाईंच्या ओसरीवर माझी पत्र्याची ट्रंक घेऊन उभी होते.

"उजगरे, ट्रंक खाली ठेव आणि आधी याच्याशी ओळख करून घे," बाई म्हणाल्या. "याच्या मर्जीविना इथे कुणी राहत नाही."

ओसरीच्या कडेला तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला गावठी कुत्रा बसला होता. तो उठला. माझी ट्रंक हुंगली, चपला हुंगल्या, माझ्याभोवती एक सावकाश फेरी मारली आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला.

"पास," बाई म्हणाल्या. "दिपोटी, ही मनोरमा उजगरे. माझी विद्यार्थिनी. भूगोलात बरी होती. गणितात तिचं काही खरं नव्हतं."

पूर्वी शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला लोक दिपोटी म्हणत. हा कुत्रा पिल्लू असताना फाटकातून आत शिरला, तो एकेका खोलीत डोकावून, नाक मुरडत परसात गेला, म्हणून बाईंनी त्याला ते नाव दिलं होतं. बाई कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गावातल्या निम्म्या बायकांना त्या अजून माहेरच्या आडनावानेच हाक मारत, आणि नातवंडं असलेल्या बायकासुद्धा "हो बाई" म्हणून उभ्या राहत.

मी तोवर साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर होते. कारखान्याचा चेअरमन असो की ऊसतोडीचा मुकादम, प्रत्येकाचा आवाज मी 'हॅलो'च्या आधीच्या श्वासावरून ओळखत असे. त्या उन्हाळ्यात कारखान्यात आपोआप चालणारं यंत्र आलं आणि मी नको झाले. नोकरी गेली तशी क्वार्टरही गेली. नगरला भावाकडे जाऊन वहिनीच्या घरात पाहुणी म्हणून राहायची माझी तयारी नव्हती. दुसरी नोकरी मला मिळणार याबद्दल शंका नव्हती. तोवर डोक्यावर छप्पर हवं होतं, एवढंच.

आणि बाईंना माणूस हवं होतं. त्यांच्या पोटात गाठ होती. पुण्याला ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोन्ही वेळा, दिपोटीला कोण बघणार म्हणून बाईंनी ती मोडली. आता डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तिसऱ्यांदा मोडलीत तर चौथी तारीख मागायला येऊ नका.

पुतण्या श्रीपाद मोटार घेऊन न्यायला आला होता. पण बाईंच्या सूचना संपत नव्हत्या.

"दूध-भाकरी दुपारी, ताक-भात रात्री. फाटक लावून घ्यायचं, पोस्टमन त्याला आवडत नाही. स्वयंपाकघर तुझंच. तुझं काय असेल ते, मटणबिटण, खुशाल कर."

"बाई, तुमच्या घरात मी ते करायची नाही."

"मग तुझी मर्जी. आणि हे देवघर मी कुलूप लावून जातेय. देव शेजारी कुलकर्णींकडे पोचवलेत, तिथे पूजा होईल. तुझ्यावर त्यातलं काहीही नाही. तू तुझ्या पद्धतीने मोकळेपणी राहा."

"मी तिकडे फिरकणारसुद्धा नाही, बाई."

मी ख्रिस्ती, त्या देवपूजा करणाऱ्या. दोघींनी एकमेकींचा मान राखला म्हणून दोघींनाही बरं वाटलं.

मोटारीत बसल्यावर बाईंनी काच खाली केली. "उजगरे, ऐक. हा श्रीपाद तुला सांगेल की काकूला त्रास होईल असं काही कळवू नका. त्याचं ऐकायचं नाही. मी विचारीन आणि तू खरं सांगायचं. हे कुत्रं घरी वाट बघतंय म्हणून मी पोट कापून घ्यायला तयार झालेय. ते नसेल तर मला परत येण्याची घाई नाही."

श्रीपादने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मोटार गेली.

दुपारी मी मागच्या पडवीत दिपोटीच्या जर्मनच्या ताटलीत दूध-भाकरी कुस्करून ठेवली. तो आला, ताटलीपासून हातभर अंतरावर बसला, ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी आत माझं जेवायला गेले. परत आले तेव्हा दुधावर माश्या बसल्या होत्या आणि हा तसाच बसून होता. रात्रीच्या ताक-भाताचंही तेच.

पहिल्या दिवशी मला विशेष वाटलं नाही. माणूससुद्धा आपलं कुणी गेलं की एखादं जेवण टाळतं. दुसऱ्या दिवशी मी दूध बदललं, भाकरी बदलली. तो पाणी पीत होता, हाक मारली की येत होता. फक्त खायचं नाव नाही. ताटली ठेवली की शहाण्यासारखा समोर बसायचा, तोंडातून लाळ गळायची, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मी निघून गेले की उठून देवघराच्या बंद दाराशी जाऊन पडायचा. शेजारीच बाईंची कॉट होती, तेव्हा तिचाच वास घेत पडत असेल असं मी धरलं. शिवाय तो दार ओरबाडेल म्हणून मी त्याला तिथून हुसकावत होते.

तिसऱ्या दिवशी गुरांच्या दवाखान्यातून तांबेडॉक्टरांना बोलावलं. त्यांनी दिपोटीचे डोळे, जीभ, पोट सगळं तपासलं.

"बाई, खरं सांगू? म्हशीचं काही असेल तर मला विचारा, मी झोपेत सांगीन. कुत्र्याचं मला बेताचंच कळतं. दुखणं काही दिसत नाही. हा विरह आहे."

"विरहावर औषध काय?"

"कलेजी. कलेजीपुढे विरह टिकत नाही."

आता बाईंच्या ओट्यावर कलेजी शिजवणं मला शक्य नव्हतं. मी परसात पेरूच्या झाडाखाली स्टोव्ह नेला, स्वतःच्या ट्रंकेतलं पातेलं काढलं आणि तिथे कलेजी शिजवली. वासाने गल्लीतली चार कुत्री फाटकाशी येऊन उभी राहिली. दिपोटी ताटलीसमोर बसला, लाळ गाळत. बघतोय माझ्याकडे. शेवटी ती कलेजी फाटकाबाहेरच्या मंडळींनी खाल्ली.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कुलकर्णीकाकू आल्या. बाईंचे देव ज्यांच्याकडे होते, त्या याच. गोल चेहऱ्याच्या, नाकात चमकी, आणि प्रत्येक दुखण्यावर एकच उपाय.

"दृष्ट लागलीये त्याला, मनोरमा. येता-जाता लोक म्हणतात ना, काय गुटगुटीत कुत्रं आहे म्हणून. मीठ-मोहऱ्या आण."

"काकू, कुत्र्याला?"

"कुत्र्याला डोळे नाहीत? मग दृष्ट का लागणार नाही?"

काकूंनी मुठी वळल्या आणि पुटपुटत त्याच्याभोवती हात फिरवायला सुरुवात केली. आणि दिपोटी उठून उभा राहिला. कान ताठ झाले, मोडकासुद्धा. शेपटी हलायला लागली. काकू विजयाने माझ्याकडे बघत न्हाणीच्या चुलीकडे गेल्या आणि मीठ-मोहऱ्या निखाऱ्यावर टाकल्या. दिपोटी त्यांच्या मागे गेला, चुलीत काय जळतंय ते बघितलं, मग रिकाम्या ताटलीकडे बघितलं आणि मटकन खाली बसला.

"बघ, उतरतेय," काकू म्हणाल्या. "अजून दोनदा काढावी लागेल."

मला हसू आलं होतं, म्हणून मी त्यावर विचार केला नाही. केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्याच दिवशी मला नाशिकहून बोलावणं आलं. तिथे एक मोठं हॉटेल नव्याने निघालं होतं, त्यांना टेलिफोन ऑपरेटर हवी होती, राहायला खोली देणार होते. मुलाखत दुसऱ्याच दिवशी अकराला. मी साडी काढून इस्त्रीला टाकली. पहाटेच्या एस.टी.ने जायचं, संध्याकाळी परत. कुत्र्याकडे तेवढा वेळ कुलकर्णीकाकू बघतील.

संध्याकाळी फोन वाजला. आधी श्रीपाद.

"मनोरमाताई, परवा सकाळी ऑपरेशन आहे. काकू आता बोलतील. काही झालं तरी कुत्रा जेवतोय म्हणा. पाया पडतो तुमच्या."

मग बाईंचा आवाज. "उजगरे. जेवतो का?"

टेलिफोनवर खोटं बोलणारी माणसं मी दिवसातून शंभर वेळा ऐकली होती. साहेब बाहेर गेलेत, ट्रक निघालाय, चेक टाकलाय. त्या आवाजाची जात वेगळी असते, आणि बाईंना मुलींचे तसे आवाज ऐकायची माझ्याहून जास्त सवय होती.

"नाही, बाई."

"केव्हापासून?"

"तुम्ही गेल्यापासून. पाणी पितो. डॉक्टर म्हणतात, दुखणं नाही."

बाईंनी फोनवरून तोंड बाजूला वळवलं. मग बाई म्हणाल्या, "श्रीपाद, माझी पिशवी भर. सकाळची गाडी किती वाजता आहे?"

"बाई, थांबा," मी म्हटलं. "तुम्ही आलात तर तो जेवेल, आणि तुम्ही पुन्हा पुण्याला जायच्या नाहीत. मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मला उद्याचा दिवस द्या."

"उद्या काय करणार आहेस, जे आज केलं नाहीस?"

"ते मला आत्ता सांगता येत नाही. पण कारखान्याच्या बोर्डावर मी कुणाचा कॉल अर्धवट तुटू दिलेला नाही. हाही तुटायचा नाही."

"गणितात असाच आत्मविश्वास होता तुझा," बाई म्हणाल्या. पण त्या थांबल्या. "उद्या पाच वाजता फोन करीन. जेवला असेल तर परवा आत जाईन. नसेल तर एस.टी.त बसेन. मग डॉक्टरांना काय म्हणायचं ते म्हणू दे."

फोन ठेवला आणि मी इस्त्रीची साडी पुन्हा ट्रंकेत टाकली. एक दिवस मागून घेतला होता. तो नाशिकला घालवता येणार नव्हता.

सकाळी उठले ती अंगात ताप घेऊनच. हातपाय मोडून आले होते, भिंत धरून फोनपर्यंत गेले. एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरने माझा आवाज ओळखला आणि नाशिक लगेच जोडून दिलं. इतक्या वर्षांची ओळख कुठेतरी उपयोगी पडायचीच.

"कोठावदे बोलतोय." हे हॉटेलचे मॅनेजर.

"नमस्कार. श्रीरामपूरहून मनोरमा उजगरे. आज अकराला माझी मुलाखत आहे. मी येऊ शकत नाही."

"कारण?"

"दोन आहेत. मला ताप आहे, आणि माझ्याकडे एक कुत्रा सांभाळायला आहे, तो जेवत नाही. तापात मी आले असते."

"म्हणजे कुत्र्यासाठी येत नाही."

"हो."

"बाई, जागा एक आहे. इथे बाकावर आत्ताच पाच जणी येऊन बसल्यात."

"बसू द्या. साहेब, तुम्हाला ऑपरेटरचं तोंड बघायचंय की आवाज ऐकायचाय? माझा आवाज तुम्ही ऐकताय. अंगात ताप आहे, लाइनीत खरखर आहे, आणि तुम्ही एकदाही 'काय म्हणालात' असं विचारलेलं नाही."

ते हसले. "बोर्ड कुठला चालवलाय?"

"साखर कारखान्याचा. गळिताच्या हंगामात एका हाताने जेवत दुसऱ्याने चालवलाय."

"पटलं. पण जागा थांबवता येणार नाही मला."

"थांबवू नका. फक्त माझं नाव फेकून देऊ नका. तुम्हाला लागेल."

एवढं बोलून मी फोन ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. उठवेना. दिपोटी येऊन शेजारी बसला. त्याच्या बरगड्या आता हाताला लागत होत्या.

"काय रे," मी म्हटलं, "तुझ्यापायी नाशिक गेलं. आता बाईपण जायच्या आहेत का?"

त्याने जांभई दिली.

दुपारी कशीबशी उठून मऊ भात केला. एकाच पातेल्यातला. थोडा त्याच्या ताटलीत, थोडा माझ्या वाडग्यात, वर बाईंच्या बरणीतलं मेतकूट. रोज मी त्याला पडवीत वाढून आत जात असे आणि टेबलाशी बसून जेवत असे. त्या दिवशी आत जाण्याइतकं बळ नव्हतं. पडवीतच, त्याच्या ताटलीसमोर, भिंतीला टेकून बसले. वाडगा पुढ्यात ठेवला, लहानपणापासूनच्या सवयीने हात जोडले, डोळे मिटले.

"प्रभू, हे अन्न तू दिलंस, तुझे उपकार. आजाऱ्यांना बरं कर, बाईंना सांभाळ." जरा थांबून मी म्हटलं, "आणि या मूर्खाला चार घास खायची बुद्धी दे. आमेन."

लप् लप् लप्.

मी डोळे उघडले. दिपोटी जेवत होता. ताटलीत तोंड खुपसून, शेपटी आडवी धरून, मेतकुटासकट. बघता बघता ताटली चाटून पुसून लख्ख केली आणि माझ्या वाडग्याकडे बघायला लागला. मी माझाही भात त्याच्यापुढे सरकवला. पण त्याने तोंड लावलं नाही. बसला. माझ्याकडे बघितलं.

तेव्हा कुठे माझ्या तापलेल्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी पुन्हा हात जोडले, डोळे मिटले, आणि एक पापणी किंचित उघडी ठेवून म्हटलं, "आमेन."

लप् लप् लप्.

पाचला फोन वाजला.

"उजगरे."

"जेवला, बाई. त्याचं आणि माझंही."

पलीकडे श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग लगेच मुख्याध्यापिका बोलल्या. "काय केलंस?"

"प्रार्थना केली."

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासमोर. जेवणाआधी आम्ही करतो ती. हात जोडून, डोळे मिटून. ती संपली आणि तो जेवायला लागला. बाई, तुम्ही त्याला वाढता तेव्हा काय करता?"

बाई स्वतःशीच पुटपुटत एकेक आठवायला लागल्या. मग म्हणाल्या, "अगं बाई. नैवेद्य."

आणि मग हळूहळू सांगितलं. पिल्लू असताना त्याने एकदा देवाच्या नैवेद्यात तोंड घातलं होतं. तेव्हापासून बाईंनी त्याला शिस्त लावली, शाळेतल्या मुलींना लावत तशी. देवाला नैवेद्य दाखवायचा, घंटा वाजवायची, मग याच्या ताटलीभोवती पाणी फिरवायचं, हात जोडायचे, डोळे मिटायचे, आणि मगच 'घे' म्हणायचं. दोन्ही वेळा, रोज, सात-आठ वर्षं. काकूंनी मीठ-मोहऱ्या फिरवल्या तेव्हा तो का उठला आणि देवघराच्या दाराशी कशासाठी पडून होता, ते आता कळलं.

"पण बाई, एवढं सगळं सांगितलंत. पोस्टमनचं सांगितलंत. हेच कसं नाही सांगितलं?"

"कारण ते देवघरातलं होतं. देवघरातलं तुझ्यावर लादायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझी पूजा ती माझी, असं मी धरून चालले. ती त्याचीही आहे हे लक्षातच आलं नाही."

"आणि मी तिकडे फिरकायचं नाही असं ठरवलं होतं."

"म्हणजे आपण दोघी एकमेकींचा मान राखत बसलो," बाई म्हणाल्या, "आणि मधल्यामध्ये त्याचा उपास." मग त्या हसायला लागल्या. पोट दुखेल म्हणून मागून श्रीपाद त्यांना गप्प करत होता, पण त्यांना हसू आवरेना. शेवटी म्हणाल्या, "ठेवते. पहाटे लवकर उठायचंय. उद्या मला कापणार आहेत."

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली.

दिवाळी होऊन गेल्यावर बाई घरी आल्या. दिपोटीने त्यांच्याभोवती सतरा फेऱ्या मारल्या आणि भुंकून गल्ली डोक्यावर घेतली. देव कुलकर्णींकडून परत आले, देवघर उघडलं. दुपारी बाईंनी नैवेद्य दाखवला, घंटा वाजवली, काठी टेकत पडवीत येऊन ताटलीभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, डोळे मिटले. मग ऐटीत म्हणाल्या, "घे."

दिपोटी बसून राहिला.

"घे रे. घे."

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मी हातातल्या चटणीच्या वाटीत बघत उभी राहिले. बाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"उजगरे," त्या म्हणाल्या, "म्हण बाई तुझं ते. दूध नासतंय."

"आमेन," मी म्हटलं.

लप् लप् लप्.

जानेवारीत नाशिकहून फोन आला. बाकावरच्या पाच जणींतली जी निवडली होती, तिचं म्हणणं कुणालाच ऐकू जात नव्हतं. कोठावदेसाहेबांनी विचारलं, "कुत्रा जेवतो का?" मी "हो" म्हटलं आणि त्यांनी "मग या" म्हटलं. त्या हॉटेलात मी निवृत्त होईपर्यंत राहिले. कोठावदेसाहेब पुढे मुलाकडे बडोद्याला गेले, पण नाताळला त्यांचा फोन शेवटपर्यंत येई, आणि पहिला प्रश्न कुत्र्याचाच असे. माझं लग्न उशिरा झालं, नाशिकच्याच एका शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकांशी. तेही आता नाहीत. तांबेडॉक्टर म्हशी बघत बघत जिल्ह्याचे मोठे अधिकारी झाले. कुलकर्णीकाकू शेवटपर्यंत सांगत की दिपोटीला त्यांनीच बरं केलं, दृष्ट उतरायला जरा वेळ लागतो. त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही.

दिपोटी म्हातारा होऊन, झोपेत गेला. बाईंनी त्याला पेरूच्या झाडाखाली पुरलं.

बाई त्यानंतरही बरीच वर्षं होत्या. शेवटी-शेवटी त्यांना दिसत कमी होतं, श्रीपाद येऊन-जाऊन असायचा. एकदा नाताळनंतर मी यजमानांना घेऊन त्यांच्याकडे जेवायला गेले होते. बाईंनी भिंतीच्या आधाराने देवघरात जाऊन घंटा वाजवली. मग येऊन पाटावर बसल्या, स्वतःच्या ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले, डोळे मिटले. आम्ही थांबलो. आणि मग, अगदी हळू, पण स्वच्छ आवाजात, शाळेत हजेरी घेताना असायचा तशा, बाई म्हणाल्या, "आमेन."

यजमान चमकून माझ्याकडे बघायला लागले.

"बाई," मी म्हटलं, "दिपोटीला जाऊन किती वर्षं झाली."

"माहीत आहे मला, उजगरे. गणित माझं पक्कं आहे," बाई म्हणाल्या. "पण आता त्याशिवाय मलाच घास उतरत नाही. जेवा, भात निवतोय."